विश्लेषण : ऑनलाइन कोर्स ‘१०० टक्के पूर्ण’, पण शिकणे किती?

महाविद्यालयांपासून सरकारी प्रशिक्षणापर्यंत सगळीकडे आता ‘एलएमएस’वर कोर्स होतात. व्हिडिओ चढवले, पीडीएफ जोडली, शेवटी चाचणी ठेवली की कोर्स तयार, असा समज रूढ झाला आहे. हा समज महागात का पडतो आणि चांगला कोर्स कसा बांधायचा, याविषयी...

चर्चगेटहून सुटलेली विरार लोकल. एका कानात इअरफोन, हातात मोबाइल आणि पडद्यावर दुप्पट वेगाने पळणारा व्हिडिओ. बोरिवलीपर्यंत दोन व्हिडिओ संपतात. भाईंदरच्या खाडीवर नेटवर्क गेले की तिसरा अडकतो आणि वसई रोड येईपर्यंत तोही उरकतो. मग दहा प्रश्नांची चाचणी. तिला तीन प्रयत्नांची मुभा असते. पहिल्या दोन प्रयत्नांत पर्याय बदलून पाहिले की तिसऱ्यात पैकीच्या पैकी गुण. पडद्यावर हिरवी खूण उमटते, ‘१०० टक्के पूर्ण’ असे दिसते आणि प्रमाणपत्र डाऊनलोड होते.

हे दृश्य पदवीच्या विद्यार्थ्याचे असू शकते, शाळेतल्या शिक्षकाचे असू शकते किंवा बँकेतल्या कर्मचाऱ्याचेही. यात लबाडी म्हणावी असे फारसे काही नाही. कोर्सने जे मागितले, ते शिकणाऱ्याने दिले. व्हिडिओ संपवायला सांगितला, त्याने संपवला. गुण मागितले, त्याने मिळवले. शिकायला मात्र कोर्सने त्याला कुठेच लावले नाही. दोष असलाच तर तो कोर्सच्या बांधणीत आहे.

एलएमएस म्हणजे नेमके काय?

‘लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम’ म्हणजे एलएमएस. कोर्सचे साहित्य ठेवणे, विद्यार्थ्याला प्रवेश देणे, गृहपाठ आणि चाचण्या घेणे, गुणांची वही सांभाळणे आणि कोण कुठवर पोहोचले याची नोंद ठेवणे, ही तिची कामे. ‘मूडल’ हे यातले जगभर वापरले जाणारे, मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. ते तयार करणारे मार्टिन डुगियामास यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेले. शाळा दूर असल्याने तिथे धडे रेडिओवरून घेतले जात. दूरच्या विद्यार्थ्यापर्यंत शिक्षक कसा पोहोचवायचा, हा प्रश्न त्यांना लहानपणापासून ठाऊक होता.

केंद्र सरकारचे ‘स्वयम्’, शिक्षकांसाठीचे ‘दीक्षा’, आयआयटी मुंबईचे ‘आयआयटीबॉम्बेएक्स’ हे मंच दिसायला वेगवेगळे असले, तरी त्यांचे मूळ काम असेच आहे.

इथे एक तांत्रिक बाब समजून घ्यायला हवी. ‘पूर्ण’ ही खूण एलएमएस स्वतःच्या अकलेने देत नाही. कोर्स बांधणाऱ्याने जी अट घातली असेल, ती पुरी झाली की खूण उमटते. पान उघडले की पूर्ण, व्हिडिओ शेवटापर्यंत गेला की पूर्ण, ठरावीक गुण मिळाले की पूर्ण, किंवा शिक्षकाने काम तपासून मान्य केले की पूर्ण, यांपैकी काहीही ठेवता येते. बहुतेक कोर्समध्ये यातली सर्वांत सोपी अट ठेवली जाते आणि अहवालात मात्र त्याच खुणेला ‘प्रशिक्षित’ म्हटले जाते.

हे आत्ताच महत्त्वाचे का?

कारण या खुणेला आता प्रत्यक्ष किंमत आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार, एखाद्या अभ्यासक्रमातील एका सत्राच्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थी ‘स्वयम्’वरून पूर्ण करू शकतो आणि त्याची श्रेयांके पदवीत धरली जातात. आधी ही मर्यादा २० टक्के होती. शिक्षकांसाठीचे ‘निष्ठा’ प्रशिक्षण २०२० मध्ये ‘दीक्षा’वर आले. राज्यातील शिक्षकांच्या वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवडश्रेणीसाठी लागणारे प्रशिक्षणही २०२२ मध्ये ऑनलाइन घेण्यात आले. म्हणजे पदवी, वेतनश्रेणी आणि नोकरी या तिन्ही गोष्टी पडद्यावरच्या त्या खुणेशी जोडल्या गेल्या.

खूण खोटी ठरली तर नुकसान संस्थेचे होत नाही, तिच्याकडे अहवाल असतो. नुकसान होते ते प्रमाणपत्र घेऊन मुलाखतीला जाणाऱ्याचे आणि त्याच्या हाताखाली पुढे शिकणाऱ्यांचे.

महाराष्ट्राला हे नवीन आहे का?

अजिबात नाही. उलट या राज्याकडे दूरशिक्षणाचा चांगला अनुभव आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाची भिस्त होती ती छापील स्वयंअध्ययन साहित्यावर आणि गावोगावच्या अभ्यास केंद्रांवर. समोर शिक्षक नाही हे गृहीत धरून पुस्तक लिहायचे, तर मजकूर वाचकाशी बोलायला हवा, मध्येच त्याला थांबवून काम द्यायला हवे आणि उत्तर ताडून पाहण्याची सोय करायला हवी, हे दूरशिक्षणात तेव्हापासून मान्य आहे. आजच्या एलएमएसवर चढवलेल्या अनेक पीडीएफमध्ये यातले काहीही आढळत नाही. त्या वर्गात वाचून दाखवण्यासाठी केलेल्या स्लाइड असतात आणि वाचून दाखवणारा माणूसच तिथून गायब झालेला असतो.

दुसरे उदाहरण घराघरांत माहीत असलेले. ‘एमएस-सीआयटी’. २००१ मध्ये सुरू झालेल्या या संगणक साक्षरता कोर्सने महाराष्ट्रातील एका पिढीला माउस धरायला शिकवले. त्यातला अभ्यास ‘ईरा’ या ई-लर्निंग यंत्रणेवर होतो. पण विद्यार्थी जातो तो गल्लीतल्या किंवा नाक्यावरच्या केंद्रात. तिथे ठरलेली वेळ असते, शेजारी दुसरा शिकणारा असतो आणि अडले तर हाक मारायला कोणीतरी असते. संगणक पाठ देतो, पण पत्र टाइप करावे लागते ते विद्यार्थ्यालाच.

तिसरे उदाहरण आयआयटी मुंबईचे. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे पाठ आहेत आणि त्यांचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे. पद्धत साधी. पडद्याच्या एका भागात पाठ, दुसऱ्या भागात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. पाठात एक कृती दाखवली की थांबायचे, तीच स्वतः करायची आणि मग पुढे जायचे. नुसते बघत बसायला इथे वावच ठेवलेला नाही. त्याच संस्थेत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने झालेल्या दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षण उपक्रमात व्याख्यान मुंबईतून थेट जात असे, पण शिक्षक आपापल्या भागातल्या केंद्रात एकत्र बसत आणि तिथे समन्वयक हजर असे.

या सगळ्यांत समान धागे दोन. शिकणाऱ्याच्या हाताला काम दिलेले होते आणि जवळ कोणीतरी माणूस होता. तंत्रज्ञान पोस्टाचे होते, संगणकाचे होते की थेट प्रक्षेपणाचे, हा त्यानंतरचा मुद्दा.

मग बिनसले कुठे?

मार्च २०२० नंतर शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि सगळा वर्ग रातोरात मोबाइलवर न्यावा लागला. त्या वेळी जे मिळेल ते चढवणे ही गरज होती आणि त्याबद्दल शिक्षकांना बोल लावता येणार नाही. पण आणीबाणीतली ती तडजोड पुढे रीत झाली. ‘तुमच्या विषयाचे किती व्हिडिओ झाले?’ हा प्रश्न आजही विचारला जातो. ‘त्यातून मुलांना काय करता यायला लागले?’ हा क्वचितच.

नुसते साहित्य खुले करून ठेवले तर काय होते, हे जगातल्या सर्वांत नामांकित संस्थांनीही अनुभवले आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन कोर्सचा सहा वर्षांचा अभ्यास जस्टिन राइश आणि होसे रुईपेरेझ-वालिएंटे यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवून कोर्समध्ये आलेल्यांपैकी पूर्ण करणारे जेमतेम तीन टक्के होते. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नोंदणी केलेल्यांतही हे प्रमाण ४६ टक्केच होते.

यावर भारतात निघालेला तोडगा म्हणजे सक्ती. सक्ती केली की पूर्ण करणाऱ्यांचा आकडा वाढतो हे खरे. पण लोकलमध्ये दुप्पट वेगाने पळणारा व्हिडिओ हा त्याच आकड्याचा भाग असतो. काही मंचांवर तर व्हिडिओ पुढे सरकवता येऊ नये, दुसरी टॅब उघडली की तो थांबावा, अशी बंधने घातली जातात. त्याने मोबाइल चालू राहतो, लक्ष चालू राहील याची हमी मिळत नाही.

कोर्सची सुरुवात कुठून करायची?

शेवटापासून. कोर्स संपल्यावर शिकणाऱ्याला कोणते काम स्वतःच्या हाताने करता आले पाहिजे, हे आधी ठरवायचे. ते आले की नाही हे कशावरून कळेल, ते दुसऱ्या टप्प्यात. पाठ, व्हिडिओ आणि वाचन यांचा विचार तिसऱ्या टप्प्यात. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ मध्ये ही उलट्या क्रमाची रचना मांडली. शिवणकाम किंवा सुतारकाम शिकवणाऱ्यांना ती न सांगताही कळते.

एका काल्पनिक कोर्सवरून हे स्पष्ट होईल. समजा, वसई पश्चिमेच्या होळी परिसरातील छोट्या दुकानदारांसाठी जीएसटीचा ऑनलाइन कोर्स काढायचा आहे. नेहमीच्या पद्धतीने तो असा होईल : पहिला पाठ ‘जीएसटीचा इतिहास’, दुसरा ‘व्याख्या’, तिसरा ‘कराचे प्रकार’, मग कलमे, मग परिशिष्टे. वीस तासांचे व्हिडिओ आणि शेवटी पन्नास प्रश्न. दुकान सांभाळून तो पाहणारा माणूस तिसऱ्या पाठात गळतो.

उलटीकडून पाहिले तर पहिला प्रश्न येतो, हा कोर्स नेमका कोणासाठी? ताजी भाजी किंवा ताजे मासे विकणाऱ्यांना यातले जवळजवळ काहीच लागत नाही, कारण त्या मालावर जीएसटी नाही आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची गरज नसते. फक्त माल विकणाऱ्या दुकानाची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर राज्यांतर्गत विक्रीसाठी सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. उरले ते किराणा, कापड, भांडी किंवा हार्डवेअरचे नोंदणी असलेले दुकानदार. त्यांच्यातही दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठी असलेली ‘कंपोझिशन’ योजना घेतलेल्यांची गरज वेगळी असते.

आता शेवटचे काम लिहिता येते : ‘कंपोझिशन घेतलेल्या दुकानदाराला योग्य बिल करता आले पाहिजे आणि तिमाहीचा कर स्वतः काढता आला पाहिजे.’ दोनच कामे. या योजनेतील व्यापारी उलाढालीवर एक टक्का कर स्वतः भरतो, ग्राहकाकडून वेगळा घेऊ शकत नाही. त्याचे बिल ‘टॅक्स इन्व्हॉइस’ नसते, ‘बिल ऑफ सप्लाय’ असते. तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत ‘सीएमपी-०८’ भरायचा. वीस तासांचा कोर्स इथे दीड-दोन तासांवर येतो आणि त्यातला प्रत्येक पाठ गल्ल्याशी जोडलेला राहतो.

महाविद्यालयाच्या विषयालाही हेच लागू आहे. ‘डेटाबेसची ओळख’ असे उद्दिष्ट लिहिले की कोर्स कुठेही भरकटू शकतो. ‘ग्रंथालयाच्या देवघेवीसाठी चार तक्ते आखून त्यातून थकीत पुस्तकांची यादी काढता येणे’ असे लिहिले की काय शिकवायचे आणि काय गाळायचे, ते आपोआप ठरते.

व्हिडिओ किती मोठा असावा?

एडएक्स मंचावरील सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी तो पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. म्हणून सहा मिनिटांचा नियम सगळीकडे सांगितला जातो. पण एका तासाचे व्याख्यान कापून त्याचे दहा तुकडे केले म्हणजे कोर्स सुधारत नाही. सलग बघणे तसेच राहते, फक्त मध्ये जास्त वेळा ‘पुढे’ दाबावे लागते.

आयआयटी मुंबईत प्रा. साहना मूर्ती, प्रा. श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेले शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणारे प्रारूप इथे उपयोगी पडते. त्यात व्हिडिओ एकतर्फी नसतो. शिक्षक ठरावीक जागी प्रश्न विचारतो, थांबून विचार करायला आणि उत्तर लिहायला सांगतो, मगच पुढे बोलतो. त्यानंतर लगेच करून पाहण्याचे काम येते. मग ज्याला जसे हवे तसे पुढचे वाचन आणि सोबतच्या शिकणाऱ्यांशी मुद्देसूद चर्चा. यात व्हिडिओ हा चारातला एक भाग. कार्नेगी मेलन विद्यापीठातील केनेथ कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एका ऑनलाइन कोर्सच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कृती करण्याचा शिकण्याशी असलेला संबंध व्हिडिओ पाहण्याच्या किंवा वाचण्याच्या सहापट ठळक आढळला.

होळीतल्या दुकानदाराच्या कोर्समध्ये याचा अर्थ साधा आहे. चार मिनिटांत एक बिल करून दाखवायचे. मग थांबायचे आणि म्हणायचे, ‘आजच्या विक्रीतली कोणतीही एक नोंद घ्या, ग्राहकाचे नाव झाका, त्याचे बिल असेच करा आणि फोटो इथे चढवा.’ ती सोय जवळजवळ प्रत्येक एलएमएसमध्ये असते. तिचा वापर होत नाही, एवढेच.

चाचणी गुणांसाठी की शिकण्यासाठी?

शेवटी एकच मोठी चाचणी ठेवली की ती फक्त चाळणीचे काम करते. पण आठवून उत्तर देणे हीच शिकण्याची प्रभावी रीत आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवत होता, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणजे दर पाठानंतर दोन-तीन प्रश्न आणि आठवड्याने जुन्या पाठांवर पुन्हा काही प्रश्न, असा क्रम ठेवायला हवा. मूडलसारख्या एलएमएसमधील प्रश्नपेढीतून ते आपोआप निवडता येतात.

प्रश्न कसा विचारला जातो, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. ‘कंपोझिशन योजनेची मर्यादा किती?’ हा प्रश्न गूगलला विचारता येतो. त्याऐवजी हा पाहा : ‘तुम्ही कंपोझिशनमध्ये आहात. ग्राहक म्हणतो, बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवा. तुम्ही काय कराल?’ पर्याय : दाखवाल, एक टक्काच दाखवाल, किंवा दाखवणार नाही आणि बिल ऑफ सप्लाय द्याल. दुसरा पर्याय निवडणाऱ्याची चूक ठरावीक आहे. एक टक्का कर आपण भरतो, म्हणजे तो ग्राहकाकडून घेता येतो, असे त्याला वाटते. एलएमएसमध्ये प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे वेगळा खुलासा लिहिण्याची जागा असते. ‘उत्तर चूक, पुन्हा प्रयत्न करा’ याऐवजी तिथे दोन ओळी लिहिता येतात : ‘हा एक टक्का तुमच्या उलाढालीवरचा, तुमच्या खिशातला. बिलावर तो वेगळा घेतला, तर गोळा केलेली रक्कम सरकारजमा करावी लागेल आणि कारवाईची शक्यताही राहील.’ वर्गातला चांगला शिक्षक विद्यार्थ्याची चूक ओळखून नेमके हेच करतो.

घरबसल्या बहुपर्यायी चाचणीची उरलीसुरली विश्वासार्हता आता एआय चॅटबॉटने संपवली आहे. प्रश्नाचा स्क्रीनशॉट टाकला की उत्तर मिळते. म्हणून पुराव्यासाठी शिकणाऱ्याच्या स्वतःच्या कामावर भर द्यावा लागेल : त्याचे बिल, त्याच्या गावची आकडेवारी, त्याने केलेल्या निवडीचे दोन मिनिटांचे तोंडी स्पष्टीकरण. एनपीटीईएलने हा तिढा वेगळ्या पद्धतीने सोडवला आहे. दर आठवड्याच्या ऑनलाइन गृहपाठाला २५ टक्के आणि परीक्षा केंद्रात बसून दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के महत्त्व. गृहपाठ सरावासाठी आणि पारख समोरासमोर, ही विभागणी प्रामाणिक आहे.

मोबाइल आणि मराठीचे काय?

कोर्स बांधणारा लॅपटॉपवर काम करतो, शिकणारा बहुधा मोबाइलवर. ए-फोर आकाराची स्कॅन केलेली पीडीएफ बोटांनी मोठी करत वाचावी लागते, ओळ संपली की पुन्हा डावीकडे सरकवावे लागते. तोच मजकूर एलएमएसच्या साध्या पानावर टाइप केला तर पडद्याच्या रुंदीत बसतो आणि डेटाही कमी खातो. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये साहित्य आधी उतरवून नेटवर्कशिवाय पाहता येते, पण कोर्स तशा घटकांतून बांधलेला असावा लागतो. कोर्स खुला करण्यापूर्वी तो एकदा साध्या फोनवर, वाय-फाय बंद करून, लोकलच्या प्रवासात उघडून पाहावा. बरेच दोष भाईंदरच्या आतच लक्षात येतील.

भाषेचा मुद्दा याहून नाजूक आहे. ‘स्पोकन ट्युटोरियल’ने घेतलेला मार्ग शहाणपणाचा वाटतो. समजावणे मराठीत, पण पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे, कारण कामावर तेच शब्द समोर येणार असतात. जीएसटी पोर्टलवर ‘रिटर्न’ दिसते, त्याला कोर्समध्ये ‘विवरणपत्र’ एवढेच म्हटले तर दुकानदार पोर्टलवर अडतो. दोन्ही शब्द एकदा शेजारी ठेवले की प्रश्न सुटतो. शासकीय कोर्समधले मराठी मात्र अनेकदा इंग्रजीचा शब्दशः अनुवाद असते. ते समजून घ्यायला मूळ इंग्रजीच बरे, असे म्हणण्याची वेळ येते.

माणूस परवडतो का?

यावर संस्थांचा आक्षेप ठरलेला असतो. हजारो शिकणारे असताना प्रत्येकाचे बिल कोण तपासणार? आक्षेप रास्त आहे. एका शिक्षकाला तासिका, परीक्षा आणि नॅकची कागदपत्रे सांभाळून तीनशे जणांचे फोटो तपासता येणार नाहीत. पण मधला मार्ग आहे. शिकणाऱ्यांनी एकमेकांचे काम ठरावीक निकषांवर तपासायचे, ही सोय मूडलमध्ये ‘वर्कशॉप’ नावाने आहे. दुसऱ्याच्या बिलातली चूक शोधताना स्वतःचे ज्ञान पक्के होते. शिक्षकाने त्यातली निवडक पाहावीत आणि आठवड्यातून एकदा सर्वांना मिळून दिसलेल्या तीन चुका सांगाव्यात.

दुसरे काम नोंदींचे. कोण सात दिवसांत आले नाही, कोणता प्रश्न निम्म्यांहून अधिक जणांचा चुकला, हे एलएमएस सांगते. हे अहवाल बहुधा वर पाठवण्यासाठी काढले जातात. ते खाली वापरायला हवेत. न आलेल्याला एक साधा निरोप जावा : ‘तिसऱ्या पाठात अडलात का? शनिवारी सहा वाजता विचारा.’ निम्म्यांचा प्रश्न चुकला असेल, तर तो पाठ दुरुस्त करावा. पहिल्याच फेरीत कोर्स निर्दोष होत नाही, प्रत्येक फेरीनंतर तो थोडा बदलावा लागतो. या कामाला तास लागतात आणि ते तास शिक्षकाच्या कार्यभारात मोजायला हवेत. व्हिडिओ एकदा केला की शिक्षकाचे काम संपले, असे मानणाऱ्या संस्थेने ऑनलाइन कोर्सच्या दर्जाची तक्रार करू नये.

मग मोजायचे काय?

‘किती जणांनी पूर्ण केला’ हा आकडा पहिल्या पानावरून काढून मागे टाकावा. त्याच्या जागी चार प्रश्न यावेत. कोर्सपूर्वी जे काम येत नव्हते, ते किती जणांना आले? कोर्स सोडणारे नेमक्या कोणत्या पाठात गळाले? विचारलेल्या शंकेला उत्तर मिळायला किती वेळ लागला? आणि महिन्याभराने पुन्हा विचारले तर किती जणांना आठवले? यातले पहिले आणि चौथे उत्तर मिळवायला थोडे कष्ट पडतात. बाकीची दोन एलएमएसच्या नोंदींत असतात, कोणी पाहत नाही इतकेच.

श्रेयांके, वेतनश्रेणी आणि प्रमाणपत्रे देणाऱ्या यंत्रणांनी कोर्सला मान्यता देताना एवढी एकच अट घातली, तरी बरेच बदलेल : ‘पूर्ण’ ही खूण शिकणाऱ्याने केलेल्या आणि कोणीतरी पाहिलेल्या किमान एका कामाशिवाय उमटू नये. सॉफ्टवेअर त्यासाठी नवे घ्यावे लागत नाही. असलेल्याच एलएमएसमधील अट बदलावी लागते आणि काम पाहायला एक माणूस नेमावा लागतो.

होळीतल्या त्या काल्पनिक दुकानदाराकडे शेवटी दोनच गोष्टी असतील, भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र आणि हातातले बिलबुक. कोर्स चांगला झाला की नाही, ते बिलबुकाचे पुढचे पान उघडले की कळते.